कोकराची शेळी

सुगी झाली की बोरगावच्या आमच्या रानात मेंढरं बसतात. रानाला खत मिळतं, मेंढरांना पाला. यंदा कळपाबरोबर आलेल्या धनगरणीचं नाव काही मी विचारलं नाही, पण बाई अजून डोळ्यांसमोरून हलत नाही बघा.

सकाळीच एक मेंढी विताना मेली होती आणि तिचं कोकरू भुकेनं थरथरत होतं. बाईनं कळपातली दुभती शेळी ओढून आणली, तिचा मागचा पाय आपल्या गुडघ्यांत दाबला आणि कोकरू आचळाला लावलं. शेळी लागली लाथा झाडायला.

मला राहवेना. म्हटलं, "अगं, शेळी मेंढीच्या पोराला कशी घेईल? नातवाची बाटली आणू?"

"बाटली दूध दील वो आक्का," ती हसली, "पर पाठ चाटंल का?"

मग तिनं शेळीचं करडू उचलून त्याचं अंग कोकराच्या पाठीवर खसाखसा घासलं आणि कोकरू पुन्हा लावलं. कोकराची शेपटी हलायला लागली. शेळीनं मान वळवून ती पाठ हुंगली, फुरफुरली आणि चाटायला लागली.

बाईनं हळूच पाय सोडला. शेळी जागची हलली नाही.