वितळलेलं मेण

आपला मुलगा खोटं बोलायला शिकला, ही काळजी तिच्या मनातून जाता जाईना. लहानपणी त्याला धड खोटं बोलता यायचं नाही. डब्यातला खाऊ फस्त करून समोर उभा राहिला की कान आधी लाल व्हायचे, तोंड मागाहून कबूल करायचं. आणि आज, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्या नर्सच्या तोंडावर तो शांतपणे म्हणाला, "ताई, काम एकदम पक्कं झालंय." त्याचे कान होते तसेच राहिले.

बाजारात त्याला सगळे आरसेवाला म्हणतात. आरसा त्यानं आयुष्यात एकही विकला नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो अ‍ॅल्युमिनियमच्या वस्तूंवरचा रंगीत मुलामा उतरवतो आणि आतला उघडा धातू घासून घासून असा काढतो, की त्यात बघून भांग पाडावा. सायकलचे भाग, मोटरसायकलच्या ब्रेकचे दांडे, कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय, काळ्याचं जांभळं पडलेलं काहीही लोक त्याच्याकडे आणून टाकतात.

त्याआधी अकरा वर्षं तो नेमकं उलटं काम करत होता. एका कारखान्यात खिडक्यांच्या चौकटींवर हाच मुलामा चढवायचा. "अकरा वर्षं कपडे घातले, आता उतरवतोय," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. गिऱ्हाईक हसतं. तो हसत नाही.

कारखाना सुटला त्याला तीच कारण होती. एका पाळीत त्याच्या हातून मुलामा चढवायच्या हौदात वीज जास्त सोडली गेली आणि चौकटींचा अख्खा गठ्ठा करपला. कुणाच्या पाळीत झालं ते कुणालाच कळलं नव्हतं. दोन दिवस तो ताटावरून अर्धवट उठत होता. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्याकडून खरं काय ते काढून घेतलं आणि म्हणाली, "जाऊन सांग. खरं सांगितलं की माणूस सुटतो." त्यानं जाऊन सांगितलं. मॅनेजरनं त्याची पाठ थोपटली, असा माणूस शोधून सापडत नाही म्हणाला, आणि एवढं कागदावर लिहून दे म्हणाला. त्या एका कागदावर मग वर्षभराचा सगळा वाया गेलेला माल त्याच्या नावावर चढला. आठवड्याच्या आत तो घरी. दारात चपला काढताना म्हणाला, "सुटलो बघ, आई."

त्यानंतर तो विषय त्यानं कधी काढला नाही. तिनं काही सुचवलं की फक्त "हो, आई" म्हणायचा, आणि त्या दोन शब्दांपेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

शेडचं काम मात्र दोघांचं होतं. ती रसायनशास्त्राची पदवीधर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिची उभी हयात गेली. तिनंच त्याला शिकवलं होतं, की हा मुलामा म्हणजे वरून फासलेला रंग नसतो. धातूचाच गंज मुद्दाम वाढवून त्यात रंग मुरवलेला असतो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तो विरघळतो. पण मुलामा संपला म्हणून सोडा थांबत नाही, तो पुढे धातूच खायला घेतो. म्हणून पाणी थंड ठेवायचं, घड्याळ समोर ठेवायचं, आणि वस्तूला जिथे बोल्टची भोकं असतील तिथे आतल्या आट्यांना सोडा लागू नये म्हणून मेणबत्तीचं मेण घट्ट भरायचं. मेणाची कल्पना तिची. त्या वेळी तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

नर्सची वस्तू छोटीशी होती. सायकलचं हँडल पुढून पकडून धरणारा चार बोल्टचा तुकडा. सायकलवाले त्याला स्टेम म्हणतात. सायकल तिच्या वडिलांची, ते गेल्यावर तिनं बाहेर काढलेली. "दादा, बाबांना दिसायला हवी होती अशी करून द्या," म्हणाली होती.

आज दुपारी दोनला लाईट जाणार होती आणि लाईट गेली की पॉलिशचं चाक बंद. तीन वस्तू पुऱ्या व्हायच्या होत्या. थंड पाण्यात मुलामा सुटायला वेळ लागतो, म्हणून त्यानं सोड्याचं पाणी गरम केलं. गरम पाण्यात मुलामा भराभर गेला. मेणही गेलं.

ती चहा घेऊन शेडमध्ये गेली तेव्हा पाणी निवलं होतं. स्टीलच्या पातेल्यात वर चार पांढऱ्या चकत्या तरंगत होत्या, शर्टाच्या बटणांएवढ्या. टेबलावर स्टेम आरशासारखा चमकत पडला होता. शेजारी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप होती, अर्धी उलगडलेली.

"मेण वितळलं?" तिनं विचारलं.

"वितळलं."

"किती वेळ होतं आत?"

"तू परीक्षा घ्यायला आलीयस का चहा द्यायला?"

"आटे खाल्ले गेले असतील रे."

"एक बोल्ट नुसताच फिरत होता. टेप लावली. आता धरतोय."

"टेप धरतेय. बोल्ट नाही."

त्यानं चहा घेतला आणि उभ्यानं संपवला. "नवीन तुकडा आणून दे तिला," ती म्हणाली. "सांग, चूक झाली."

"तिच्या बापाचा तुकडा नवीन कुठून आणू?" मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "आणि चूक झाली हे सांगून माझं काय होतं, ते तुला माहितेय. तू होतीस की तेव्हा."

"ती नर्स आहे. मॅनेजर नाही."

"वस्तू खराब झाली की सगळे मॅनेजर होतात, आई."

तेवढ्यात सुटं हँडल कॅरिअरला बांधून सायकल ढकलत नर्स दारात आली.

नर्सनं स्टेम हातात घेतला, उलटसुलट केला, त्यात स्वतःचे दात बघितले आणि तिला हसू आवरेना. "काकू, तुमच्या मुलाच्या हातात जादू आहे हो. उद्या सहाच्या ड्यूटीला हीच सायकल काढते. आमच्या क्वार्टरपासून हॉस्पिटलपर्यंत सगळा उतार. मी आपली वाऱ्यासारखी येते आणि गेटपाशी कचकन ब्रेक दाबते. वॉचमन रोज मला बघून बाजूला उडी मारतो."

त्यानं तिथेच हँडल बसवून दिलं. एरवी तो पाना पिळताना ओठ चावतो; आज बोल्ट जेमतेम टेकवून पाना काढून घेतला. "परत आवळायला जाऊ नका," म्हणाला. "ताई, काम एकदम पक्कं झालंय."

ती दारातच उभी होती. एका वाक्याचं काम होतं. नर्स "येते हं काकू" म्हणून हात हलवत निघून गेली, आणि तिनंसुद्धा हात हलवला. मुलाच्या खोट्याला आपण मान डोलावली, हे तिला नंतर भांडी विसळताना कळलं आणि हातातली वाटी तशीच राहिली.

तिनं स्वतःची समजूत घालून बघितली. एकच बोल्ट तर फिरत होता. बाकीचे तीन असतील चांगले. पण चारही भोकांतलं मेण पातेल्यात तरंगत होतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. उतारावर ब्रेक दाबला की अंगाचा सगळा भार हँडलवर येतो. तुकडा सुटला तर हँडल हातात येईल आणि सायकल खालून निघून जाईल. हे समजायला पदवी लागत नाही.

आणि सांगितलं, तर? बाजारभर होईल. आरसेवाल्यानं वस्तू खाल्ली, वर टेप लावून गळ्यात मारली. शेड बंद पडेल. या खेपेला तो दारात चपला काढणारसुद्धा नाही, सरळ निघून जाईल. मागच्या वेळी तिनं त्याला खरं बोलायला लावलं आणि त्याचं आयुष्य उलटं फिरवलं. आता तेच ती स्वतःच्या तोंडानं करणार होती, त्याला न विचारता.

तो बाजारात गेला की त्याच्या मागे फोन करावा, असं एकदा तिच्या मनात आलं. मग तिची तिलाच लाज वाटली.

ती शेडमध्ये गेली. चाक बंद असल्यामुळे तो खिडकीशी बसून एक ब्रेकचा दांडा पॉलिशच्या कागदानं हातानंच घासत होता. गिऱ्हाइकाचा फोन नंबर लिहिलेली पत्र्याची चिठ्ठी तो प्रत्येक वस्तूला तारेनं बांधतो आणि वस्तू गेली की खिळ्याला अडकवतो. नर्सची चिठ्ठी सर्वांत वर होती. तिनं ती काढली आणि त्याच्या समोरचं स्टूल ओढून बसली.

"कुणाला?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"तिला."

"सांगायचं तर सांग. मग शेडची किल्ली तुझ्याकडेच ठेव."

"ठेवीन."

"मॅनेजरसारखंच होणार."

"होईल कदाचित," ती म्हणाली. सुटशील, असं ती या वेळी म्हणाली नाही.

तिनं चष्मा लावला, चिठ्ठी उजेडाकडे धरली आणि एकेक आकडा दाबायला लागली. कागदाची खरखर मध्येच थांबली, मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात. त्याच्या कानांकडे तिनं बघितलं नाही. शेवटचा आकडा दाबून तिनं फोन कानाला लावला.