यमाला न्यायला कोण आलं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा दादा गेला, तेव्हा मी श्रीरामपूरहून तिसगावला माहेरी येऊन राहिले होते. दादाचा टेम्पो होता. गावातला भाजीपाला तो नगरच्या मार्केटला न्यायचा. आधी ताप आला, मग दम लागायला लागला आणि शेजाऱ्याच्या गाडीतून त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं. वहिनीलाही ताप होता. तिला गावातल्या शाळेत वेगळं ठेवलं होतं, म्हणून ती सोबत जाऊ शकली नाही. पहिले काही दिवस दादा तिकडून व्हिडिओ कॉल करायचा. एकदा आईला म्हणाला, "हितं कुनाचं तोंडच दिसत न्हाई. समदे पांढऱ्या झग्यात." त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

दवाखान्यानं दादा गेल्याची बातमी माझ्या नवऱ्याला कळवली. तो नगरला पोचला, पण त्याला स्मशानाच्या फाटकाबाहेरच थांबवलं. आत ओळीनं चिता जळत होत्या. त्यांतली दादाची कोणती हे त्याला सांगता आलं नाही. नंतर एक मडकं हातात दिलं, वर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. घरी आलं ते एवढंच.

दहाव्याला भावकीतलं कुणी आलं नाही. पिंडाला कावळा शिवला तेव्हा मला जरा बरं वाटलं, पण आई म्हणाली, "त्यो रोजचाच हाय. शेजारनीच्या वाळवनावर बसतो."

दादाची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती फार रडली नाही. जो दिसेल त्याला एकच विचारायची, "पप्पांना कुणी पाहिलं?" मी म्हणायचे, डॉक्टरांनी पाहिलं. ती म्हणायची, "त्यांना पप्पा ओळखू येतात का?" वहिनी बरी होऊन घरी आली होती. हा प्रश्न आला की ती भाकरी थापत राहायची.

जूनमध्ये शाळा मोबाईलवर सुरू झाली. मराठीच्या बाईंनी पुराणकथांचा धडा घेतला आणि गृहपाठ दिला: पुराणकथा कळायला हवी तर स्वतः एक रचून बघा. मोराला पिसारा कसा आला, समुद्र खारट का झाला, असं काहीही. पण ती जुनी वाटली पाहिजे, आपल्या देवादिकांत बसली पाहिजे. मला हायसं वाटलं. पोरीच्या हाताला काम मिळालं होतं.

"मी यमाची लिहिणार," ती म्हणाली.

"मोराची लिही ना. सोपी आहे."

"यम स्वतः येतो का माणसं पाठवतो, आत्या?"

मला माहीत नव्हतं. मी मराठी घेऊन बीए केलेलं, दिवाळी अंकांत चार लेख छापून आलेले. पण यम म्हटलं की मला रेडा, फास आणि टीव्हीवरचा चित्रगुप्त आठवायचा. तिला मात्र सगळं नीट हवं होतं. यम कुणाचा मुलगा, त्याला हे काम कुणी दिलं, त्याला नाही म्हणता येतं का. गोष्ट रचायला बसल्यावर कळलं की देवांच्या घरातही नाती असतात, शब्द दिलेले असतात, आणि ते मोडून गोष्ट पुढे नेता येत नाही. ऐकताना हे कधी जाणवलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे कीर्तनकार राहतात. गाव त्यांना महाराज म्हणतं. त्यांची कीर्तनं बंद पडलेली. एका संध्याकाळी ते ओट्यावर आणि आम्ही जरा लांब, खालच्या पायरीवर बसलो. महाराज म्हणाले, यम सूर्याचा मुलगा. सगळ्यांत आधी मेला तो यमच. तिकडची वाट त्यानं पहिल्यांदा शोधली, म्हणून तो त्या वाटेचा राजा झाला.

पोरगी पायरीवर पुढे सरकली. मग म्हणाली, "मग यमाला न्यायला कोण आलं?"

महाराजांनी मास्क खाली ओढला. "हे मला आजवर कुनी इचारलं न्हाई, पोरी. मला न्हाई ठावं."

"म्हंजे एकटाच गेला?"

"एकटाच गेला आसंल."

मला भाऊबीजेची गोष्ट येत होती, म्हणून मी यमाच्या बहिणीचं, यमीचं विचारलं. महाराज म्हणाले, यम गेला तेव्हा यमी रडायची थांबेना. देव समजूत काढायला आले, तर ती म्हणायची, आजच गेला. कारण तेव्हा रात्रच नव्हती. सगळा एकच दिवस होता, त्यामुळे तिचं आज संपतच नव्हतं. शेवटी देवांनी रात्र केली. दुसरा दिवस उजाडला, तेव्हा तिला म्हणता आलं की काल गेला. मग ती हळूहळू विसरली.

"खरंच विसरली?" मी विचारलं.

"असं सांगत्यात बाई," महाराज म्हणाले.

परत येताना मी पोरीच्या पुढे चालत राहिले, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये. दादाला जाऊन कित्येक रात्री झाल्या होत्या आणि मी अजून 'आजच गेला' इथंच होते.

तिनं गोष्ट लिहिली ती अशी. पहिला माणूस मेला तो यम. त्याला न्यायला कुणी आलं नाही. वाट अंधारी होती आणि तो फार घाबरला. पोचल्यावर त्यानं देवांकडे मागितलं, की माझ्यानंतर कुणी एकट्यानं येऊ नये. मी स्वतः जाईन आणि तोंड झाकणार नाही, म्हणजे माणसाला कळेल कोण आलंय. देव तयार झाले. मी तिला सांगितलं होतं की पुराणात कुठला वर फुकट मिळत नाही, म्हणून तिनं किंमतही ठरवली. यमाला प्रत्येकाकडे स्वतःच जावं लागतं, त्यामुळे त्याला घरी जाता येत नाही. वर्षातून एक दिवस बहिणीकडे जेवायला जातो, तेवढाच. जागून जागून त्याचे डोळे लाल झालेत, आणि ते डोळे बघून लोक उगीच घाबरतात.

ही गोष्ट तिनं स्वयंपाकघरात वाचून दाखवली. आई भिंतीला टेकून ऐकत होती. वहिनीनं मध्येच गॅस बंद केला, हात धुतले आणि मागच्या दारानं बाहेर निघून गेली.

"खोडू का?" पोरीनं मला विचारलं.

"नको," मी म्हणाले. 

बाईंचा ग्रुपवर निरोप आला: छान लिहिलंस, पण बाकीच्या मुलांना भीती वाटेल, मोराची लिहून पाठव. तिनं एका बैठकीत मोराची लिहिली. बाईंनी तिला स्टार दिला. तिनं तो उघडूनही पाहिला नाही.

पुढच्या महिन्यात आमच्याच गल्लीत एका बाईचा मुलगा गेला, तोही नगरच्या दवाखान्यात, तसाच. आई भेटायला निघाली, सोबत मला आणि पोरीला घेतलं. ती बाई ओसरीत बसली होती. आम्ही तिच्यासमोर बसलो. मग आई म्हणाली, "पुराणात सांगितलंय," आणि तिनं ती गोष्ट सुरू केली. पोरीनं तिचा पदर ओढला.

"आजी, ते मी लिहिलंय."

"तू लिव्हलं आसशील. पन हाय ते तसंच."

गोष्ट संपल्यावर त्या बाईनं विचारलं, "मंग माझ्या पोराकडंबी त्योच आला आसंल?"

"त्योच. दुसरं कोन येनार?" आई म्हणाली.

त्यानंतर ती गोष्ट गावात फिरली. महाराजांची कीर्तनं पुन्हा सुरू झाली, तेव्हा एका तेराव्याला त्यांनीही ती सांगितली. बायका डोळे पुसत होत्या. कुणाला ती नवी वाटली नाही. पोरीला हे सांगितलं तर तिनं खांदे उडवले. आता ती मोठी झाली आहे आणि गोष्टी लिहीत नाही. यमी विसरली म्हणतात, त्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

वहिनी आता नगरला एमआयडीसीत कामाला जाते. गेल्या खेपेला मी तिच्या खोलीवर उतरले होते. पोळ्या लाटताना मी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं, की गोष्ट ऐकून तू उठून का गेलीस, तुला ती खोटी वाटली का. तिनं पोळी तव्यावर टाकली.

"खोटी कशाला आसंल, ताई? यम आलाबी आसंल त्यांच्याकडं," ती म्हणाली. "मी न्हवते ना."

मग तिनं पोळी उलटली आणि मला ताट घ्यायला सांगितलं.