लाल दिव्यातलं कासव

निंबानाना भोई यावलकडचे, तापीकाठचे. जळगावच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते शिपाई होते, पण चिरफाडीत आम्हा सगळ्या पदवीधरांपेक्षा त्यांचा हात साफ. गढूळ पाण्यात नुसत्या बोटांनी मासा ओळखणारे हात ते. त्यांचा एकच हट्ट होता. “जीव लेवाना ते लेवाना, पन त्याले सुरी दखाडानी नही.” बेडूक असो की कासव, हत्यार पाठीमागे लपवूनच ते टेबलाशी येत. मला हसू यायचं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

१९६८ साली मी कासवाच्या डोळ्यावर प्रबंध लिहायला घेतला. डोळ्याच्या आतल्या पडद्यात एक रंग असतो. उजेड लागला की तो उडतो, आणि तो उडतो म्हणूनच दिसतं. तो शाबूत काढायचा तर काम अंधारात हवं. बेडकाला लाल दिवा चालतो, म्हणून मी शहाण्याने फोटो स्टुडिओतून लाल बल्ब आणला. “यात त्याला काही दिसत नाही, नाना. सुरी खुशाल समोर ठेवा,” असं मीच सांगितलं. त्यांनी माझा शब्द मानला.

तीन कासवं गेली. डोळ्यांतून काढलेला अर्क यंत्रात ठेवून दिवा लावला की रंग उडेल तशी सुई चढायला हवी, पण ती जागची हलेना. रंग आधीच उडालेला, आणि का ते मला उमगेना. नानांनी बजावलं, आता चौथं शेवटचं, यापुढे मी तापीतून एकही आणणार नाही.

चौथ्या वेळी त्यांनी सुरी उचलली आणि कासवाने मान आत घेतली. नानांनी हात मागे नेला. थोड्या वेळाने मान बाहेर आली. पुन्हा सुरी, पुन्हा मान आत.

“सर, याले दिसी ऱ्हायनं.”

“छे हो, नाना!”

त्यांनी तिसऱ्यांदा करून दाखवलं. बेडकाला न कळणारा लाल उजेड कासवाला लख्ख कळत होता; रंग त्यातच उडत होता.

“हाऊ दिवा बी बंद करा,” नाना म्हणाले.

त्या ठार काळोखात त्यांनी नुसत्या बोटांनी चाचपत सगळं काम केलं. मी अर्क यंत्रात ठेवला, दिवा लावला, आणि सुई सरसर चढली! ज्या रंगाने त्या मुक्या जीवाने तापी पाहिली, ऊन पाहिलं, तो आमच्यासमोर उडत होता. नानांनी हात जोडले.

मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हंजे पहिला तिन्हीस्ले बी सुरी दिसनी व्हई?”

“हो, नाना.” माझ्याच्याने वर बघवेना.

त्यांनी सुरी पुसून ठेवली. “मंग ते लिखा, सर. बठ्ठास्ले कयाले पाहिजे.”

सगळ्यांना कळावं म्हणून त्याच दुपारी मी प्रबंधाचं पहिलं वाक्य लिहिलं : कासवाला लाल दिव्यात दिसतं, त्याच्यासमोर सुरी ठेवू नये. परीक्षकांनी त्यातला दुसरा भाग खोडायला सांगितला. मी खोडला नाही.