धरणाच्या चढावर सायकल

चौथीनंतर हातात पेन फारसा आला नाही. अक्षर वाकडं आहे, लिहिण्यात चुकाही असतील, त्याची माफी असावी. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी मागावीशी वाटली.

सायकल मला नुसत्या मजेसाठी हवी होती, पण तसं सांगायची लाज वाटायची. आमच्या गावात बाई सायकलवर दिसली की ती कामालाच निघाली असं धरतात. म्हणून सकाळी सिद्धेश्वर धरणाकडे जाताना मी हँडलला रिकामी पिशवी अडकवायची आणि "भाजी आणते" म्हणायची. धरणावर कुठली भाजी, हे कुणी विचारलं नाही.

सायकल जुनीच घेतली होती. पैसे नणंदेनं उसने दिले होते. ती हिंगोलीत राहते, माझ्याहून धाकटी आणि तोंडानं फटकळ.

धरणाच्या अलीकडे लांब चढ आहे. अर्ध्यातच मांड्या भरून यायच्या, गुडघे ठणकायचे, मग उतरून ढकलत न्यायची. घरी उंबरा ओलांडताना तोंडातून "आई गं" निघायचं. एकदा मालकांनी ते ऐकलं.

"गुडघे गेल्यावर कामाला कोण जाईल? हळद निघेपर्यंत बघू. तवर दुखणं थांबलं न्हाई तर सायकल विकू अन् बहिणीचे पैसे देऊन टाकू."

त्यांचं चुकत नव्हतं. पण दुसऱ्या सकाळी मी पुन्हा पिशवी अडकवून निघाले.

पुढं नणंद घरी आली, तेव्हा तिनं मला गल्लीत सायकल चालवताना पाहिलं.

"वैनी, सीट एवढी खाली काहून?"

"पाय टेकायला."

"पाय टेकायला, का साडी वर सरकू नये म्हणून?"

मी निऱ्या खाली ओढल्या.

"पोटऱ्या झाकता अन् गुडघे मोडता! कुणी बघून राहिलं तर बघू द्या. पोटऱ्याच हायत, चोरीचा माल न्हाई."

तिनं भावाकडून पाना मागून सीट वर केली. पायडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, असं सांगितलं. साडीखाली घालायला स्वतःची एक लेगिंगही दिली.

पहिल्या दिवशी पडायची भीती वाटली. पण जोर कमरेपासून लावायचा असतो, हे तेव्हा कळलं. चढ काही लगेच जमला नाही. एक दिवस चढ, दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यानं हळूहळू, असं चालवत राहिले. भाकरीबरोबर मूठभर शेंगदाणे जास्त खाऊ लागले. उतरायची जागा वर वर सरकत गेली. थंडीत कधीतरी गुडघ्यांचा ठणकाही गेला, नेमका कधी ते कळलंच नाही.

हळद निघत होती तेव्हाची गोष्ट. चढाच्या शेवटी सायकल थांबणार असं वाटलं आणि मी सीटवरून उठून उभ्यानं पायडल मारू लागले. बायांनी असं करायचं नसतं. म्हशी घेऊन चाललेले एक बाबा ओरडले, "बाई, कोण लागलंय मागं?"

मला हसू आलं, पण पाय थांबले नाहीत. वर पोचल्यावर समोर सगळं पाणीच पाणी. किती तरी वेळ श्वास घेत उभी राहिले.

मालकांनी मग विकायचं नाव काढलं नाही, पण उसनं होतं तोवर सायकल माझी वाटत नव्हती. हळदीच्या मजुरीतून थोडे थोडे करत देत गेले. परवा शेवटचे पैसे नणंदेच्या हातात ठेवले. तिनं न मोजताच कमरेला खोचले.

"फिटले बघा वैनी, सगळे."