वासासाठी ओरबाडलेलं झुडूप

ग्रुपवरच्या निसर्गप्रेमींनो, आत्ताच घरी पोचले. जरा फोटो टाकणं थांबवा आणि हे वाचा.

१९५०च्या दशकात कोणीतरी सिंदेवाहीजवळच्या जंगलातून व्हायबर्नमच्या रानटी झुडपाची एक फांदी नेली. ती दाबून, वाळवून ठेवली आणि सोबत नोंद केली: 'नाल्याकाठी, सावलीत. पान चुरगळल्यावर घाण वास.' त्याच नोंदीवरून आज आपण तिथे गेलो आणि झुडूप सापडलंसुद्धा!

मग काय केलंत? वास खरंच येतो का, हे प्रत्येकाला स्वतः बघायचं होतं. पान ओरबाडायचं, चुरगळायचं, 'शीऽऽ' म्हणून फेकायचं. व्हिडिओ नीट आला नाही की पुन्हा ओरबाडायचं. कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत.

नाल्यात मासे धरणाऱ्या एक बाई शेवटी म्हणाल्या, "काऊन तोडून राह्यले जी? बकरीबी येवढं नाई ओरबाडत."

त्यावर तुम्ही हसलात. खरं सांगते, मला किळस आली.

त्या माणसाने एकच फांदी नेली, म्हणून आज आपल्याला झुडूप दिसलं. आता आजच्या नोंदीत मी काय लिहू, तुम्हीच सांगा. 'नाल्याकाठी, सावलीत, नुसत्या काड्या'?