वाढत्या अंगाचे टायर

गाडीला टायर घेताना मी एकदा वाढत्या अंगाचे घेतले होते, हसा खुशाल! परवा नातवाच्या गाडीत नव्या रबराचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातलं आमचं परदेशातलं गाव, पार्सिपनी, आठवलं. मला आठवा महिना होता, आभाळ करडं होऊन खाली उतरलं होतं, आणि आमची चिमुकली गाडी बर्फातून हॉस्पिटल गाठेल का, या धास्तीने माझी झोप उडाली होती. म्हणून सेलमधून मीच दोन स्नो टायर आणले. माप जुन्या टायरवर लिहिलेलं होतं, तरी या शहाणीने मुद्दाम एक नंबर मोठे घेतले. नवरा ते बसवायला गॅरेजमध्ये गेला आणि तसेच परत घेऊन आला. "अगं, वळताना बॉडीला घासतील म्हणाला मेकॅनिक. मोठे कशाला आणलेस?" "म्हटलं, पुढच्या वर्षीही होतील," मी म्हणाले, आणि आपलंच बोलणं कानावर पडताच भोकाड पसरलं. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झाला होता. त्याने हसू कसंबसं दाबलं, टायरने काळ्या झालेल्या हातांनीच माझे डोळे पुसले, आणि जे म्हणाला ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं: "वेडे, गाडी नाही वाढायची. टायर मी उद्या बदलून आणतो, तू बाळाला स्वेटर आण मोठा."