सारखे गुण, वेगळी फीत

लातूरच्या एका कोचिंग क्लासात मी काही वर्षं निकालाचं काम केलं. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं तिथं किनवट, हिमायतनगर, अहमदपूर, कुठून कुठून यायची.

गळ्यात ओळखपत्र अडकवायला फीत असायची. पहिल्या हॉलमधल्यांची सोनेरी, मागच्यांची राखाडी. पहिल्या हॉलला चांगले शिक्षक, एसी, शंका विचारायला वेगळा तास. मागच्या हॉलला घरघरणारे पंखे आणि शिक्षकाऐवजी भिंतीवरचा व्हिडिओ. निकालाच्या दिवशी जे पोरगं खाली घसरलं त्यानं स्टेजवर यायचं, आपल्या गळ्यातली सोनेरी फीत काढायची आणि वर आलेल्याच्या गळ्यात स्वतःच्या हातानं घालायची. ही शक्कल क्लासच्या मालकांची. त्यांना सगळे सर म्हणत. ते माईकवरून "याला म्हणतात स्पर्धा!" असं ओरडायचे आणि पालक, हो, पालकच, टाळ्या वाजवायचे.

एका निकालाला अहमदपूरच्या एका मुलीनं अशी फीत काढून दुसरीला दिली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. अहमदपूरच्या एसटी स्टँडमागं त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं, शर्टावर कापसाचे तंतू तसेच होते. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "मॅडम, दोघींचे मार्क बराबर हायत. बराबर असले तर बायोलॉजी बघायचं, हा तुमचाच कायदा. बायोलॉजीत माझी पोरगी पुढं हाय. मग खाली कशी गेली?"

सरांनी केबिनमधूनच ऐकलं. "काका, कम्प्युटर चुकत नसतो. पोरीला अभ्यासाला बसवा."

वडील "बघा तेवढं," असं मला हळूच म्हणून गेले.

मी बघायला बसले. निकाल लावायचा प्रोग्राम परगावच्या कुणीतरी करून दिलेला, कम्प्युटर जुनापुराणा. क्रम तीन परीक्षांच्या सरासरीवर लागायचा, आणि ती सारखी आली तर लावायचा बायोलॉजीचा नियम प्रोग्रामात नीट लिहिलेला होता. मग दोघींच्या तीन परीक्षांची सरासरी तुलनेच्या वेळी काय असते ते दिसावं म्हणून मी प्रोग्रामात मध्येच ते आकडे छापायची एक ओळ घातली, आणि निकाल बरोबर आला! ओळ काढली की मुलगी खाली, घातली की वर. साहेब तपासणीला आले की कामाला लागायचं आणि गेले की पाय पसरायचे, असली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. यंत्राकडून ही अपेक्षा नव्हती.

चोर निघाला कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. त्याला कुणीतरी वेग वाढवायचा पर्याय लावून ठेवला होता. तीननं भागलं की दशांशाचे आकडे संपतच नाहीत, कुठंतरी तोडावे लागतात. वेगाच्या नादात कंपायलरनं एकीची सरासरी आधीच तोडून ठेवलेली घेतली, आणि दुसरीची ताजी, जास्त आकडे असलेली. एकच कापड एकदा ताणून मोजावं आणि एकदा सैल, तसला प्रकार. गुण सारखे, पण यंत्राला ते केसभर वेगळे दिसले. वेगळे दिसले म्हणून बायोलॉजी बघायची पाळीच आली नाही. मध्ये छापायची ओळ आली की दोन्ही आकडे सारखेच तोडले जायचे.

इंटरनेटवर शोधलं तर जगभरातली माणसं याच दुखण्यावर वर्षानुवर्षं बोंबलत होती. आणि जाणकारांचं उत्तर काय, तर ही चूकच नाही, दशांशाचे आकडे असेच वागतात, तुम्ही जपून राहा. मला शिसारी आली. कोण जपून राहणार? स्टेजवर उभी असलेली पोरगी?

तुलना दुरुस्त केली, वेगाचा पर्याय काढून टाकला आणि सरांना दोन्ही निकाल दाखवले. त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, हे बाहेर गेलं तर मागचे सगळे निकाल लोक उकरत बसतील. तिला गुपचूप पहिल्या हॉलमध्ये बसवा." त्यांनी ड्रॉवरमधून एक नवी कोरी सोनेरी फीत काढली आणि मुलीला बोलावून घेतलं. वर, "तुला एक संधी देतोय," असं तोंड भरून हसत म्हणाले. ते हसू आठवलं तरी अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मुलीनं फितीकडं पाहिलं. "सर, सगळ्यांसमोर काढली ना? मग सगळ्यांसमोर द्या."

"तसं नसतं जमत, बाळा."

"मंग न्हाई पाहिजे."

फीत टेबलावरच राहिली. ती मात्र पहिल्या हॉलमध्ये जाऊन बसली, पुढच्याच बाकावर, राखाडी फितीत. कुणी विचारलं की एवढंच म्हणायची, "सरांना विचारा." मग पोरं विचारायला लागली, पालक विचारायला लागले. सर हसून वेळ मारून न्यायचे, पण खरं काय ते अखेरपर्यंत बोलले नाहीत. मी टाळ्यांचा तो कार्यक्रम पाहायला पुन्हा कधी स्टेजजवळ गेले नाही. वर्ष संपेपर्यंत तिची फीत राखाडीच होती.

तिला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला. चौकात क्लासचं भलंमोठं फ्लेक्स लागलं, मधोमध तिचा फोटो. वडील ते बघायला मुद्दाम अहमदपूरहून आले आणि त्यांनी रस्त्यापलीकडून मला हाक मारली. दोघं मान वर करून बघत राहिलो. चेहरा तिचाच, हसू तिचंच. गळ्यातली फीत मात्र रंगवून सोनेरी केली होती.